फिलाडेल्फियातली खुर्ची

लिबर्टी बेल पाहिली, चीजस्टेक खाल्लं, नदीकाठी थोडं फिरले. फिलाडेल्फिया शहराबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच. मी गेले होते रेसलमेनिया ४० ला, म्हणजे WWE कंपनीच्या दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या कुस्ती-सोहळ्याला, एप्रिल २०२४ मध्ये, आणि आजही मनात घोळतंय ते तिथलंच.

लिंकन फायनान्शियल फील्ड म्हणजे वरून उघडं स्टेडियम. पहिल्या रात्री वारा असा बोचरा होता की टाळ्या वाजवायला हातमोज्यांतून हात बाहेर काढवेना. वरच्या रांगांतली तिकिटं घेणाऱ्यांनी ब्लँकेट न्यावं, थंडीत गर्दीचा आवाज लवकर बसतो. तरीही सामी झेनने गुंथरला हरवलं तेव्हा आख्खं स्टेडियम उभं होतं. सामीची बायको रिंगपाशी बसलेली, गुंथर तिच्यादेखत त्याला तुडवतोय, आणि तरी हा पठ्ठ्या उठतोय! गुंथरचं ६६६ दिवसांचं इंटरकॉन्टिनेंटल टायटल तिथे गेलं. नुसती कुस्ती बघायची तर दोन्ही रात्रींत याहून सरस मॅच झाली नाही. शेवटच्या मॅचमध्ये द रॉक आणि चॅम्पियन रोमन रेन्स एका बाजूला, कोडी ऱ्होड्स आणि सेथ रॉलिन्स दुसऱ्या; रॉकने कोडीला पिन केलं, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे टेकवून ठेवले. तशी अटच होती, त्यामुळे दुसऱ्या रात्रीची कोडी-रोमनची टायटल मॅच ‘ब्लडलाइन रूल्स’वर गेली, म्हणजे कुणीही यावं, काहीही करावं.

कोडीचं दुखणं जुनं आहे. त्याचे वडील डस्टी ऱ्होड्स यांनी १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुपरस्टार बिली ग्रॅहमला हरवलं होतं, पण काउंट-आउटने, म्हणजे समोरचा मोजणी संपेपर्यंत रिंगमध्ये परतला नाही म्हणून. तसं जिंकल्यावर बेल्ट मिळत नाही. तो त्यांना पुढेही कधी मिळाला नाही. मुलगा २०१६ मध्ये कंपनी सोडून गेला, २०२२ मध्ये परतला, २०२३ च्या रेसलमेनियात रोमन रेन्सकडून हरला. आणि रोमन १,३१६ दिवस चॅम्पियन.

टीव्हीवर कॉमेंटेटर सगळं समजावून सांगतात. स्टेडियममध्ये कॉमेंट्री नसते. कोण कशासाठी काय करतोय हे आपलं आपणच आठवायचं.

दुसऱ्या रात्री जॉन सीना धावत आला, त्याच्यामागोमाग रॉक आला. मग दिवे गेले, घंटा घुमली आणि अंडरटेकर! मी घसा बसेपर्यंत ओरडले. पण ती मॅच माझ्या मते या तिघांपैकी कुणीच फिरवली नाही.

मधेच सेथ रॉलिन्स आला होता. त्याच संध्याकाळी तो स्वतःचं टायटल हरलेला, नीट चालताही येत नव्हतं. अंगावर शील्डचं, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या तिकडीचं काळं जॅकेट, आणि संगीतही शील्डचंच. रोमनने एका ठोशात त्याला आडवा केला. मला वाटलं, संपलं याचं काम. पण थोड्या वेळाने रोमनच्या हातात खुर्ची आली, आणि तेव्हा सेथही रिंगमध्ये होता, कोडीही. कोडीला हाणली असती तर बेल्ट वाचला असता. रोमन थांबला. सेथच्या पाठीवरचं ते जॅकेट त्याला दिसलं.

जून २०१४ मध्ये याच सेथने याच रोमनच्या पाठीत खुर्ची घातली होती आणि शील्ड फुटली होती.

रोमनने खुर्ची सेथच्या पाठीत घातली.

माझ्या पुढच्या रांगेत एक बाप आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. तिने विचारलं, “त्याने कोडीला का नाही मारलं?” बाप खाली वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन, घाईघाईने तिच्या जन्माआधीची गोष्ट सांगू लागला. आजूबाजूला ज्यांना आठवत होतं त्यांच्यातून एक वेगळाच आवाज उठत होता, आधी हळू, मग रांगारांगांनी पसरत गेलेला. दहा वर्षं झाली तरी त्या खुर्चीचा राग मिटला नव्हता, आणि आम्हाला ती आठवत असेल असा भरवसा कुणीतरी ठेवला होता. ‘निकाल आधीच ठरलेला असतो, मग बघता काय?’ असं विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते. साडेतीन वर्षं बेल्ट न गमावलेला चॅम्पियन जुन्या रागापायी हातातली मॅच घालवतो, तेही एक शब्द न बोलता. एवढं सच्चं नाटक मला क्वचितच बघायला मिळालं आहे.

पुढे कोडीने लागोपाठ तीन क्रॉस ऱ्होड्स, म्हणजे त्याचा हुकमी डाव, घातले. एक, दोन, तीन म्हणताना ७० हजारांवर माणसांचा मिळून एकच आवाज झाला होता. नवा चॅम्पियन जाहीर करताना सामंथा अर्विनचा गळा दाटून आला. कोडीची आई रिंगमध्ये आली तेव्हा मी रडले, शेजारचा धिप्पाड दाढीवालाही रडला.

परतताना एनआरजी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. दोन अनोळखी पोरं एकमेकांशी भांडत होती, सर्वांत भारी एंट्री सीनाची की अंडरटेकरची. त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, सेथची. एकाला लगेच पटलं. दुसरा सिटी हॉल येईपर्यंत माझ्याशी वाद घालत राहिला.