कप्पी नसलेला झेंडा

अमेरिकी यादवीत गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या झेंड्यावर भांडताना लोक मुळात झेंडाच चुकीचा ओळखतात. लाल कापड, निळी फुली, १३ तारे हे दक्षिणेचं राष्ट्रीय निशाण नव्हतंच, ते रणांगणातलं. १८६१ चा पहिला राष्ट्रीय झेंडा शत्रूच्या झेंड्यासारखाच दिसायचा. धुरात आपला कोण, परका कोण कळेना, म्हणून हे चौकोनी निशाण आलं: पायदळाला ४८ इंची, तोफखान्याला ३६, घोडदळाला ३०.

‘हा वारसा आहे’ म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. साउथ कॅरोलिना राज्याच्या विधानभवनावर हा रणांगणातला झेंडा चढला १९६१ मध्ये, नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना. २००० मध्ये तडजोड झाली. घुमटावरून उतरवून आवारातल्या सैनिक-स्मारकाजवळ ३० फुटी खांबावर लावला आणि पुन्हा हलवायला दोन तृतीयांश मतांची अट घातली. मला ही अटच घातक वाटते.

जून २०१५ मध्ये त्याच राज्यातल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. घुमटावरचे देशाचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर आले, हा मात्र टोकालाच राहिला. कायदा आडवा होता, शिवाय खांबाला कप्पीच नव्हती. कापड वरच अडकवलेलं. अर्ध्यावर आणायची सोयच नाही! १० जुलैला तो कायमचा उतरला.

मिसिसिपीने २०२० मध्ये राज्यध्वजातून ही फुली काढली. जॉर्जियाने ती आधीच काढली होती, पण २००३ पासूनचा तिथला ध्वज त्या पहिल्या राष्ट्रीय झेंड्यावरच बेतलेला आहे. त्यावर फारसं कुणी बोलत नाही. बोलायला हवं.