त्याने सगळंच कबूल केलं होतं

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. लोकांना वाटतं आम्ही डोळ्यांत बघून खुनी ओळखतो, तसलं काही नसतं हो.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका पोलीस ठाण्यातून फोन आला, मॅडम जरा येऊन जाता का. फुटपाथवर झोपणाऱ्या तिघांचे खून झालेले, डोक्यात दगड घालून, आणि मुंबईत असं काही झालं की १९८५ ते ८८ मधला सायन-किंग्ज सर्कलचा स्टोनमॅन सगळ्यांना आठवतो, तो तर सापडलाच नाही, त्यामुळे वरून प्रेशर. एकाला उचललेलं आणि त्याने तिन्ही खून कबूल केलेले. मी फक्त रिपोर्ट द्यायचा.

पीआय साहेब खुशीत होते. "रमण राघवसारखंच, चिकन म्हटलं की बोलतो." रमण राघव म्हणजे साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवरच्यांचे खून करणारा, पकडल्यावर चिकन दिलं तेव्हा बोलायला लागलेला. मी म्हटलं, साहेब, १९६८ ला रमण राघवने हत्यारही काढून दिलं होतं, याने काय दिलं? तर म्हणे नार्को करू, म्हणजे औषध देऊन अर्धवट गुंगीत प्रश्न विचारायचे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, संमतीशिवाय नाही. आणि हा बाबा तर संमती पण लगेच देईल!

माणूस दोन रात्री झोपलेला नव्हता. चहा-बिस्किट दिलं, तासभर नुसतं गावाबद्दल बोललो. मग मी मुद्दाम खोटं पेरत गेले.

"दुसरा हिरव्या चादरीत होता ना?"

"हो ताई."

"शेजारी कुत्रा होता?"

"भुंकला की."

"मग बसने गेलास?"

"हो, डबलडेकर."

रात्री तीन वाजता डबलडेकर! चादर नव्हती, कुत्राही नव्हता. याला सजेस्टिबिलिटी म्हणतात, समोरच्याने प्रश्नातून सुचवलेलं खरं धरून चालणं. गुडजॉन्सन नावाच्या सायकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये ती मोजायची टेस्टच काढली, पण ती इंग्रजी गोष्टीवरची, इथे काय कामाची, म्हणून आपली ही देशी ट्रिक.

साहेब वैतागले. "पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात तसाही चालत नाही मॅडम."

"मग घेता कशाला?"

यावर ते फाइल चाळत बसले. शेवटी एका म्हाताऱ्या हवालदारांनीच सरकारी हॉस्पिटलात जाऊन रजिस्टर बघितलं, दुसऱ्या खुनाच्या रात्री हा तिथे ताप आला म्हणून अॅडमिट होता.

सोडताना मला विचारतो, "ताई, माझं काय चुकलं का? चिकन देणार म्हणाले होते."

खरा माणूस दोनेक महिन्यांनी मिळाला, मयताचा मोबाईल भंगारवाल्याला विकताना. त्यात माझा काडीचाही हात नाही.