एकविसाव्या वाढदिवसाची धास्ती

आज न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एक मराठी जोडपं मुलाला घेऊन आलं होतं. मुलगा बालवाडीच्या वयात अमेरिकेत आला, आता एकविसाचा होईल. त्या दिवशी त्याचा एच-४ दर्जा, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा दर्जा, संपणार. वडिलांची ग्रीन कार्डाची याचिका कधीच मंजूर झालीय, पण रांग हलत नाही. भारत असो की आइसलँड, १९९० च्या कायद्याने एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्केच ग्रीन कार्डं. २००२ च्या कायद्याने मुलाच्या वयातून याचिका प्रलंबित होती तेवढाच काळ वजा होतो, रांगेतली वर्षं नाही. हे किती अन्यायाचं आहे! आई सगळं वहीत उतरवून घेत होती.

माझी आई सांगलीला गणित शिकवायची. इथे एच-४ वर आली आणि घरात अडकली, तेव्हा त्या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ मध्ये काही जणींना मिळाली, पण तोवर तिची उमेद गेली होती. मी वकील झाले ती तिच्यामुळे.

सोमवारपासून मुलाच्या विद्यार्थी व्हिसाचे कागद सुरू करतेय. निघताना त्याने विचारलं, "ताई, नर्सिंग चालू ठेवू ना?"

ठेव रे बाळा, नक्की ठेव.