कनेक्शन कुठे अडलंय, ते आकडा सांगतो

रामबागेतल्या एखाद्या गणेशमंडळाची वर्गणी नोंदवायची आहे असं धरू. मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस सर्व्हर) कार्यालयातल्या उबंटूच्या मशीनवर, पावत्या फाडणारा पायथनचा प्रोग्राम मांडवातल्या लिनक्स लॅपटॉपवर. प्रोग्रामला पत्ता (आयपी), पोर्ट (मशीनवरच्या दाराचा क्रमांक, ३३०६), युजर, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव दिलं, तरी जोडणी होत नाही. मग लोक पासवर्ड बदलत बसतात. आधी एररमधला आकडा वाचा.

२००३ आणि कंसात १११: मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर दार उघडायला कुणी नाही. उबंटूवर मायएसक्यूएल मुळात १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) वरच ऐकतं, म्हणजे फक्त घरातल्यांचं. बाइंड-ॲड्रेस (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते सेटिंग) बदलून सर्व्हर रीस्टार्ट करायचा. कंसात ११० असेल तर उत्तरच आलेलं नाही: फायरवॉल आडवी आली, नाहीतर आयपी चुकला. दोन्हीकडे पासवर्ड अजून कुणी पाहिलेलाच नसतो.

१०४५ किंवा ११३० आला तर हायसं वाटू द्या, सर्व्हरपर्यंत पोचलात, फक्त त्याने आत घेतलं नाही. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नव्हे. नाव आणि युजर कुठून येतो, हे मिळून खातं. लोकलहोस्टसाठी (त्याच मशीनसाठी) केलेलं 'पावती' खातं मांडवातून चालत नाही. राउटर लॅपटॉपचा आयपी बदलत राहतो, म्हणून ते १९२.१६८.१.% साठी करा (% म्हणजे शेवटचा आकडा कोणताही). अधिकार त्या एका डेटाबेसवर सिलेक्ट (वाचणं) आणि इन्सर्टचे (नोंद घालणं), एवढे पुरे. रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) तर नकोच. मांडवातल्या वायफायचा पासवर्ड निम्म्या गल्लीला पाठ असतो.

खरा घोळ जोडणी झाल्यावर होतो. पायथनच्या कनेक्टरमध्ये (मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या लायब्ररीत) ऑटोकमिट बंद असतं, म्हणजे कमिट (नोंद पक्की करणं) आपणच करायचं. इन्सर्ट केलं, त्याच प्रोग्राममध्ये पावती दिसतेही; कमिट न करता प्रोग्राम बंद केला की गेली. उलट बाजूही आहे: नुसती बेरीज दाखवणारा प्रोग्राम कमिट करत नसेल, तर इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) त्याला पहिल्या सिलेक्टच्या वेळचंच चित्र दाखवत राहतं. शेजारच्या लॅपटॉपवर शंभर पावत्या फाटल्या तरी बेरीज हलत नाही.

सकाळच्या आरतीला उघडलेलं कनेक्शन संध्याकाळच्या आरतीला एरर देतं (जुन्या मायएसक्यूएलवर २००६, ८.०.२४ पासून बहुधा ४०३१), कारण २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास, कुणी काही बोललं नाही की सर्व्हर ते तोडतो. ती मर्यादा वाढवू नका. पावतीपुरतं कनेक्शन उघडा, कमिट करा, बंद करा.

नावं देवनागरीत असतील तर टेबल आणि कनेक्शन, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (अक्षरं साठवायची पद्धत) हवं. नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसला, तर बहुधा बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. दुरुस्त करता येतं. साठवलेल्या नावातच ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं गेलीच. कागदी पावतीपुस्तक काढा आणि नावं पुन्हा टाइप करा.