मितभाषी यंत्र

युनिक्स किंवा लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींच्या टर्मिनलवर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा घेणाऱ्या पडद्यावर, एखादी फाइल दुसरीकडे कॉपी करायची असेल, तर ‘सीपी’ ही दोन अक्षरांची कमांड द्यायची, पुढे दोन नावे लिहायची आणि एंटर दाबायचे. सगळे सुरळीत पार पडले, तर पडद्यावर काहीही उमटत नाही. खालच्या ओळीत पुन्हा तोच प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारे चिन्ह, येतो आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकू लागतो. ही कमांड पहिल्यांदा देणारा माणूस हमखास शेजारच्याकडे वळून विचारतो, “झालं का?” झालेले असते. काही बिनसले असते, तर यंत्राने तसे सांगितले असते. रोजचे बहुतेक काम टर्मिनलवरच करणाऱ्या माझ्यासारख्याला या गप्प बसण्याची इतकी सवय होऊन जाते, की एखादा प्रोग्राम काम आटोपल्यावर काही बोलू लागला, तर आधी धस्स होते आणि नेमके काय अडले हे पाहायला ती ओळ डोळे बारीक करून वाचली जाते.

या अबोलपणाचे मूळ शोधायला गेले, तर बरेचसे श्रेय टेलिटाइपला, म्हणजे संगणकाला जोडलेल्या, कागदावर छापणाऱ्या टंकयंत्राला, द्यावे लागते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या, एका कोपऱ्यात जवळजवळ पडून असलेल्या यंत्रावर युनिक्सचे पहिले रूप उभे केले आणि डेनिस रिची त्या कामात त्यांच्यासोबत होते. त्या काळी संगणकाशी बोलायचे, ते बहुधा टेलिटाइपवरून. तिचे सर्वांत प्रसिद्ध मॉडेल, म्हणजे मॉडेल ३३, सेकंदाला दहा अक्षरे छापत असे आणि तिच्या कळा दाबायलाही बोटांना चांगलाच जोर लावावा लागे. साठ अक्षरांचे एखादे सौजन्यपूर्ण वाक्य छापायला सहा सेकंद खडखडाट चालणार, आणि तोही प्रत्येक कमांडनंतर! अशा यंत्रापुढे बसणाऱ्यांनी आपल्या आज्ञांची नावे सीपी, एमव्ही, आरएम, एलएस अशी दोन-दोन अक्षरांवर आणून ठेवली, यात नवल नाही. ही काटकसर कधी कधी हट्टालाही पोहोचली. नवी फाइल तयार करण्याच्या सिस्टिम कॉलचे, म्हणजे प्रोग्रामने प्रणालीकडे करायच्या मागणीचे, नाव ‘क्रिएट’, पण त्यातले शेवटचे ‘ई’ गाळलेले. युनिक्स पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल, असे पुढे कोणीतरी थॉम्पसन यांना विचारले, तेव्हा त्या नावाच्या शेवटी ‘ई’ लावीन, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. डिस्क काढून घेण्याच्या ‘यूमाउंट’मधला ‘एन’ही असाच कुठेतरी गळालेला आहे आणि आज इतक्या वर्षांनी तो परत आणण्याची कोणाची तयारी नाही.

टेलिटाइप गेली, पडदे आले, वेग वाढला, तरी युनिक्स काही बोलके झाले नाही, कारण तोवर त्या मौनाला दुसरे आणि जास्त भक्कम कारण मिळालेले होते. बेल लॅब्जमधलेच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते, की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या रबरी नळीच्या तुकड्यांसारखे जोडता आले पाहिजेत. ती कल्पना त्यांनी पुढेही लावून धरली आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ‘पाइप’ युनिक्समध्ये आणला. दोन कमांडच्या मध्ये एक उभी रेघ टाकली, की पहिलीचे उत्तर थेट दुसरीच्या हाती पडते. माणसाने मध्ये यायची गरज उरत नाही. एकदा ही सोय झाली, की प्रोग्रामचा श्रोता कोण, हे प्रोग्रामला सांगता येत नाही. ओळी लावून देणाऱ्या ‘सॉर्ट’ने आरंभी “नमस्कार, मी आता आपल्या ओळी अकारविल्हे लावीत आहे” असे छापले, तर पुढचा बिचारा मोजणारा प्रोग्राम तीही ओळ इमानेइतबारे मोजणार. माझ्या मते युनिक्सच्या अबोलपणाचे खरे मर्म इथे आहे. त्याला लोक तुसडेपणा म्हणतात. मला ती रांगेत मागे उभ्या असलेल्याची कदर वाटते.

याच काळातली एक हकीकत बेल लॅब्जमधले स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितली आहे आणि ती मला फार आवडते. तिथे फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी करणारे यंत्र, आला, तेव्हा प्रोग्रामचे उत्तर आणि त्याची तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने बाहेर पडत. मजकूर अक्षरजुळणीला पाठवायचा, मग कागदाची लांबलचक पट्टी त्या घाण वास मारणाऱ्या डेव्हलपिंगच्या यंत्रातून काढायची आणि काही मिनिटे वाट पाहायची. एका दुपारी अनेकांच्या वाट्याला एकच अनुभव आला. एवढा खटाटोप करून हाती आलेल्या कागदावर अत्यंत देखण्या टाइपात एकच ओळ छापलेली होती, ‘अमुक फाइल उघडता येत नाही’. आरडाओरडा योग्य माणसांच्या कानांवर गेला आणि दोनेक दिवसांत तक्रारींसाठी वेगळी वाट काढून देण्यात आली. आज आपण तिला स्टँडर्ड एरर म्हणतो आणि ती का आहे याचा विचारही न करता तिच्यातून आलेला कचरा डेव्ह-नल या, पडेल ते गिळून टाकणाऱ्या, खड्ड्यात ढकलून देतो. उत्तर एका दाराने आणि कुरकुर दुसऱ्या दाराने जावी, ही शिस्त अजून पुष्कळ माणसांनाही साधलेली नाही, पण तो वेगळा विषय झाला.

पाइपची ताकद दाखवायला जे उदाहरण नेहमी दिले जाते, तेही मॅकिलरॉय यांचेच. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी एका मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधणारा प्रोग्राम, आपल्या नेहमीच्या नजाकतीने, पानेच्या पाने लिहून ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात सादर केला. त्याचे परीक्षण मॅकिलरॉय यांनी केले. त्यांनी आधी त्या कारागिरीची तोंडभरून तारीफ केली आणि मग तेच काम सहा कमांड पाइपने जोडून करून दाखवले. शब्द एकेका ओळीवर आणायचे, मोठी अक्षरे लहान करायची, ओळी क्रमाने लावायच्या, सारख्या ओळी मोजायच्या, आकड्यांप्रमाणे उलट्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या हव्या तेवढ्या ठेवायच्या.

हीच सहा कमांडची साखळी मराठी मजकुराला लावली, तर पहिल्याच पायरीवर अडते, कारण तीत ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच्या रोमन अक्षरांखेरीज जे काही दिसेल ते ओळ तोडण्याची जागा मानलेले आहे. त्यात भर म्हणजे लिनक्सवर सर्रास मिळणारा, या साखळीतला अक्षरे बदलणारा ‘टीआर’ अक्षरांऐवजी बाइटचा, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककाचा, हिशेब करतो आणि यूटीएफ-८ या लिप्या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द शेवटी नवी ओळ न जोडता ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या प्रोग्रामला दिला, तर बाइट विचारल्यावर तो १५ म्हणतो, चिन्हे विचारल्यावर काना आणि वेलांटी वेगळी धरून ५ म्हणतो, आणि आपल्या डोळ्यांना अक्षरे दिसतात तीन. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि यांपैकी कोणते उत्तर का दिले, याबद्दल डब्ल्यूसी अर्थातच चकार शब्द काढत नाही. उपाय मात्र सोपा आहे. अक्षरे ओळखण्याच्या भानगडीत न पडता नुसत्या रिकाम्या जागांवर मजकूर तोडायचा आणि विरामचिन्हे पुसून टाकायची. मोठ्या-लहान अक्षरांची कटकट देवनागरीत नाहीच, त्यामुळे एक पायरी वाचते. रिकाम्या जागेवर असे बेधडक तोडता येते, याचे कारण १९९२ मध्ये यूटीएफ-८ ची आखणी करताना घेतलेली काळजी. मूळच्या आस्की चिन्हांचे, म्हणजे रोमन अक्षरे, आकडे, रिकामी जागा यांचे, बाइट दुसऱ्या कोणत्याही लिपीच्या अक्षराच्या पोटात येणार नाहीत, अशी ती रचना आहे. ती केली कोणी, तर पुन्हा थॉम्पसन आणि त्यांच्या जोडीला बेल लॅब्जमधलेच रॉब पाइक यांनी, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून, ताटाखाली अंथरायच्या कागदावर.

मी माझ्या जुन्या लेखांची फाइल या साखळीतून काढतो, तेव्हा ‘आणि’, ‘आहे’, ‘तर’ ही अपेक्षित मंडळी वर येतात आणि त्यांच्या जरा खाली ‘अर्थात’ ठाण मांडून बसलेला दिसतो. डावीकडे आकडा, उजवीकडे शब्द, बस्स. हा शब्द आपण जरा जास्तच वापरता, त्याऐवजी पुढीलपैकी एखादा वापरून पाहाल का, असे तिथे कोणी विचारत नाही. लिहिण्यात मदत करू पाहणाऱ्या हल्लीच्या प्रोग्रामांना हा संयम पाळता येत नाही आणि म्हणून त्यांनी अधोरेखित केलेला शब्द बदलण्यापूर्वी मला उगाच एकदा भांडावेसे वाटते. साखळीने नुसता आकडा समोर ठेवला, तर त्याच्याशी भांडायचे कसे?

अशाच तटस्थपणाचा मासला पाहायचा असेल, तर दिनदर्शिका छापणाऱ्या ‘कॅल’ या कमांडला सप्टेंबर १७५२ चे पान मागावे. १ तारखेला मंगळवार, २ तारखेला बुधवार आणि त्याला लागूनच गुरुवारी १४ तारीख! मधले अकरा दिवस गायब. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी त्या महिन्यात ज्यूलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन स्वीकारले, म्हणून ते पान तसे आहे. पण तळटीप नाही, खुलासा नाही, ‘तुम्हाला हे माहीत होते का’ अशी रंगीत चौकट नाही. ज्याला ठाऊक आहे तो हसतो आणि ज्याला नाही तो शोधायला लागतो.

मौनाच्या या कौतुकात मला एक हात राखून ठेवावासा वाटतो. यश गप्प असावे हे मला मान्य आहे, पण अपयशाने नीट तोंड उघडले पाहिजे, आणि तिथे युनिक्सची जुनी पिढी कमी पडली. ‘ईडी’ हा तिचा मजकूर संपादित करण्याचा मूळचा प्रोग्राम काहीही चुकले तरी एक प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकले, कुठे चुकले, ते तुमचे तुम्ही ओळखायचे. याला मी मितभाषीपणा म्हणणार नाही, हा आखडूपणा झाला. भलीमोठी फाइल कॉपी होत असतानाचे मौनही असेच सतावते. यंत्र राबते आहे की अडकून पडले आहे, हे कळायला मार्ग नसतो आणि माणूस दुसऱ्या खिडकीत जाऊन फाइलचा आकार वाढतो आहे का, ते पुन:पुन्हा पाहत बसतो. ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या दुसऱ्या कमांडला प्रगती दाखवण्याचा पर्याय पुढे मिळाला, तो आधीच मिळाला असता, तर पुष्कळांची नखे शाबूत राहिली असती.

मात्र प्रोग्राम वरवर गप्प दिसला, तरी जाता जाता एक आकडा मागे ठेवून जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काम झाले तर शून्य, नाही झाले तर दुसरे काहीतरी. यश एकाच प्रकारचे आणि अपयशाच्या परी अनेक, म्हणून शून्य यशाला देऊन बाकीचे आकडे चुकांसाठी मोकळे सोडले आहेत. डॉलर आणि प्रश्नचिन्ह ही जोडी शेलला, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, दिली, की तो आकडा दिसतो. रात्री परस्पर चालणाऱ्या माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टचा (एकापाठोपाठ चालवायच्या कमांडच्या यादीचा) सगळा डोलारा या आकड्यावर उभा आहे; तो शून्य असेल तर स्क्रिप्ट पुढे जाते आणि नसेल तरच मला मेल पाठवते. सकाळी मेल नसणे ही माझ्या दृष्टीने उत्तम बातमी असते. याउलट फोनमधले ॲप काहीही निमित्त काढून हाक मारते. फोटो जतन झाले म्हणून सांगते, जतन करायला नवे फोटो नाहीत हेही सांगते आणि वर हा अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल, असे विचारते. खरोखरच काही अडले, तर ते मला त्या गलक्यात ऐकू येईल, याची मला मुळीच खात्री नाही.

या वादात मला सर्वांत समंजस वाटतो तो फाइलींची यादी देणारा ‘एलएस’. हल्लीचा एलएस टर्मिनलवर नावे ऐसपैस रकान्यांत मांडतो आणि बऱ्याच ठिकाणी फोल्डर वेगळ्या रंगात दाखवतो. त्याच्यापुढे पाइपची उभी रेघ टाकली, की रकाने मोडून एका ओळीवर एकच नाव देतो. पलीकडे माणूस आहे की प्रोग्राम, हे तो आधी पाहून घेतो. हे रकाने आले, तेव्हा रॉब पाइक आणि बेल लॅब्जमधलेच ब्रायन कर्निघन यांना ते पसंत पडले नव्हते. रकाने पाडणे हे वेगळे काम आहे आणि ते वेगळ्या प्रोग्रामने करावे, म्हणजे इतरांनाही त्याचा उपयोग होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून ते बिनतोड आहे, आणि तरी मी एलएसच्या बाजूचा आहे. पडद्यावर सहा रकान्यांत दाटीने बसलेली नावे ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसीकडे वळवली, तर येणारा आकडा नेमका फाइलींइतकाच असतो, आणि माझी तेवढीच अपेक्षा असते.