मेहनती म्हणाले सर

कालपासून एकच शब्द डोक्यात फिरून राहिलाय. मेहनती.

आम्हाला पळायला शिकवणाऱ्या सरांच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम होता, सगळे आले होते, मागे वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीचा वास सुटलेला, किती वर्षांनी भेटलो म्हणून सगळ्या नुसत्या गळ्यात पडत होत्या. मग सरांनी माईक घेतला आणि एकेकीचं नाव घेऊन सांगायला लागले. माझ्याकडे हात करून म्हणाले, ही आमची सगळ्यात मेहनती पोरगी. टाळ्या झाल्या, मी उभी राहिले, हात जोडले. आणि मग सर जरा थांबले आणि म्हणाले, धडगाववाली आज इथे नाही, पण तिच्यासारखी पोरगी सगळ्या नोकरीत एकच बघितली, तिला देवाने पळायलाच घडवलं होतं. त्यावर टाळ्या नाही झाल्या. मंडप एकदम चूप झाला. आणि मला ती शांतता माझ्या टाळ्यांपेक्षा मोठी वाटली, अजूनही वाटतेय.

घरी येताना हे म्हणाले, अगं कौतुकच केलं ना, शिव्या थोड्याच दिल्या. बरोबर आहे त्यांचं. पण मैदानावर ज्यांनी वर्षं काढलीत त्यांना माहितीये, मेहनती कोणाला म्हणतात ते. ज्याच्याबद्दल दुसरं काही सांगायला सापडत नाही त्याला म्हणतात. मीपण म्हणते. ज्या पोराला गणित जमत नाही पण वही व्यवस्थित असते त्याच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतः लिहिते, विद्यार्थी मेहनती आहे. आज सकाळी वर्गात त्यातल्या एकाकडे बघवलं नाही मला.

काय ठेवलं होतं मी करायचं? पहाटे साडेचारला उठायचे, अंधारात नकाणे रोडने जायचे, रविवारी लळिंगपर्यंत आणि परत, हायवेचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. मे महिन्यात धुळ्यात सकाळी आठलाच झळा लागायला लागतात, त्याच्या आत सगळं उरकायचं. आई अजून म्हणते, "तू अंधारमा उठीसन पयाले जाये, मन्हा जीव दारमाच ऱ्हाये." आणि प्रत्येक दिवसाचं लिहून ठेवलेलं, दोनशे पानी वहीत, किती पळाले, किती वेळात, काय दुखलं. तीन हजार मीटरला पहिल्या वर्षी १२ मिनिटं ४ सेकंद. दोन वर्षांनी ११ मिनिटं ६ सेकंद. ५८ सेकंद कमी करायला दोन वर्षं गेली माझी.

आणि मग ती धडगाववाली आली होस्टेलला, सातपुड्याच्या डोंगरातली. सरांनी पहिल्याच आठवड्यात पळवून बघितलं, दुसरीचे बूट तिला चावत होते म्हणून काढून टाकले आणि अनवाणी पळाली. ११ मिनिटं १२ सेकंद. तीन महिन्यांनी १०.३८. त्या दिवशी मी नळ सोडून रडले होते, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. दोन वर्षांचा माझा सगळा हिशोब तिने एका पावसाळ्यात मागे टाकला. तेव्हापासून आम्ही दोघी म्हणजे एक मेहनती आणि एक देवाने घडवलेली, हे ठरूनच गेलं, बाकी कोणी काही विचारलं नाही.

पोरांना मी स्टेफान होल्मची गोष्ट नेहमी सांगते. स्वीडनचा उंच उडीवाला. उंची फक्त १८१ सेंटिमीटर, उंच उडीत हे म्हणजे बुटकंच, आणि लहानपणापासून नुसता सराव, सराव, सराव. २००४ ला अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण, २००५ ला इनडोअरला २.४० मीटर, म्हणजे स्वतःच्या डोक्यापेक्षा ५९ सेंटिमीटर वर. होल्म माझा माणूस आहे. पण गोष्ट मी तिथेच थांबवते, पुढचं पोरांना सांगत नाही. पुढचं असं की बहामासचा डोनाल्ड थॉमस नावाचा बास्केटबॉल खेळणारा पोरगा, २००६ च्या जानेवारीत कॉलेजात मित्राशी पैज लावून पहिल्यांदा नीट उंच उडी मारायला गेला आणि त्याच दिवशी सात फूट पार केले, आणि २००७ ला ओसाकाला जागतिक स्पर्धेत २.३५ मारून सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत होल्म चौथा. २.३३. दीड वर्ष आणि वीस वर्षं एका मैदानात, आणि दीड वर्ष जिंकलं.

काल रात्री झोप येईना म्हणून परत तेच वाचत बसले. थॉमसचं पुढे काय झालं ते याआधी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी २.३७, ती पण २०१६ ला. म्हणजे विश्वविजेता झाल्यावर नऊ वर्षांत दोन सेंटिमीटर. ती नऊ वर्षं तो काय झोपला होता का? तो पण रोज जातच असणार ना मैदानावर. मग त्याला कोणी मेहनती का नाही म्हणत?

अजून एक वाचलं. २०१६ ला काही मानसशास्त्रज्ञांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला की खेळाडूंच्या कामगिरीतला फरक सरावाने किती समजतो. सगळे खेळाडू धरले तर १८ टक्के. आणि एकदम वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये फक्त १ टक्का. वाचून पहिल्यांदा पोटात गोळाच आला, एक टक्का! एवढ्यासाठी आईने दारात जीव ठेवला होता का? पण मग राज्य स्पर्धेतली ती सुरुवातीची रेघ आठवली. पुण्याची, नाशिकची, सांगलीची पोरगी, सगळ्या साडेचारला उठणाऱ्या, सगळ्यांच्या पोटऱ्या सारख्याच टणक. तिथे मेहनत सगळ्यांनीच केलेली असते, म्हणून ती दिसत नाही. मेहनत ही त्या रेघेपर्यंत पोचायचं तिकीट होतं. ते माझ्याकडे होतं, एवढं तरी खरं.

आणि मग ती ४८१ जणांची गोष्ट. अमेरिका-कॅनडातली, १९९९ ला छापून आलेली, क्लॉड बुशार नावाचे शास्त्रज्ञ होते त्यात. व्यायामाची अजिबात सवय नसलेली माणसं, ९८ कुटुंबांतले आईबाप आणि त्यांची मोठी मुलं, सगळ्यांना २० आठवडे एकाच पद्धतीने सायकल मारायला लावली. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी आणि नंतर मोजलं. सरासरी ४०० मिलीलिटर वाढ. पण काहींचं एक लिटरच्या वर वाढलं आणि काहींचं जवळपास काहीच नाही. तेवढाच घाम, तेवढेच आठवडे. आणि या फरकातला जवळपास निम्मा घराण्यातून आलेला. बाबांच्या वावरात पण असंच असायचं, एकच खत, एकच पाणी, आणि एका झाडाला बोंडं लगडलेली तर शेजारचं नुसतंच पाल्याने वाढलेलं.

इथे मी फोन बाजूला ठेवला आणि कितीतरी वेळ पंख्याकडे बघत बसले. म्हणजे मेहनत अंगी लागणं हीच एक देणगी आहे. मग माझे ५८ सेकंद? त्या ४८१ मधले काही माझ्या जागी असते तर दोन वर्षं लळिंग करून पण १२.०४ वरच राहिले असते. माझे कमी झाले. आईबाबांकडून काहीतरी आलं होतं माझ्यातपण, धडगाववालीएवढं नाही, पण आलं होतं. हे कळायला एवढी वर्षं लागली, आणि कळलं ते सरांच्या एका शब्दामुळे. चला, राहू दे तो शब्द. मेहनती तर मेहनती. खोटं काय आहे त्यात.

असं म्हणून झोपायला पाहिजे होतं. पण दुसरीकडेच मन गेलं.

एका दिवाळीला मी तिच्या घरी गेले होते. काळीपिवळीने जिथे सोडलं तिथून तिचा पाडा तीन तास वर. ती पुढे, डोक्यावर बाजाराचं गाठोडं, आणि माझ्याकडे फक्त माझी पिशवी, तरी मी दर वळणावर बसत होते आणि ती उभी राहून वाट बघायची, काही न बोलता. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं, दिवसातून तीनदा. लहान होती तेव्हापासून हेच. तिला देवाने घडवलं म्हणतात, पण त्या घाटाने पण घडवलंच असेल ना? अविनाश साबळेने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:११.२० लावून रौप्य घेतलं, सोनं फक्त पाच शतांश सेकंदाने गेलं, १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियावालेच नेत होते. शनिवारची सकाळची शाळा करून आले होते मी, टीव्हीसमोर उभीच होते, बसवेना. मग सगळ्या पेपरांत आलं की बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा पोरगा लहानपणी शाळेत जायला सहा सहा किलोमीटर चालायचा-पळायचा. पदक आल्यावर ते चालणं सरावात धरलं गेलं. हिचं कोणी धरलं नाही. डोंगरातल्या पोरींच्या रक्तातच असतं म्हणाले आणि सोडून दिलं. मीच सगळ्यात जास्त वेळा म्हणाले असेन, कारण तसं म्हटलं की माझं हरणं मला सोपं जायचं.

मग तिचं ते सगळं झालं, बारावीच्या आधी. ते नाही लिहीत.

आज शाळेतून आल्यावर माळ्यावरची वही काढली. कडा वाळवीने खाल्ल्यात पण अक्षर दिसतं. त्या दिवाळीचे चार दिवस शोधले. मी रोजच्यासारखी तारीख टाकलीये आणि पुढे चारही दिवस एकच ओळ. सुट्टी, सराव नाही.

तिचा नंबर आहे माझ्याकडे, म्हणजे तिच्या भावाचा. तिकडे रेंज टेकडीवर गेल्यावरच येते, पण रविवारी बाजाराला तो खाली उतरतो, तेव्हा लागतो. सरांच्या कार्यक्रमाचं सांगेन, सर काय म्हणाले तेपण सांगेन. आणि एक विचारायचंय. त्या १०.३८ ला, शेवटच्या दोन फेऱ्यांना, तिला दम लागला होता का, कुठे दुखत होतं का, किती. दोन वर्षं एका खोलीत राहिलो आणि मी एकदापण विचारलं नाही.