राजगड-तोरणा वाटाड्याशिवाय करताना

पुण्याहून पहाटे निघून राजगड-तोरणा एका दिवसात करायचा बेत फसतो तो बहुतेक वेळा पाण्यावर आणि वेळेवर. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरलात की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगरधारेवर भरवशाचं पाणी नाही. म्हणून राजगड सोडतानाच माणशी किमान ४ लिटर भरून घ्या, सोबत मीठ-साखर. मार्चनंतर तर दुपारी ही धार चालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. त्या मळलेल्या दिसतात, पण धार सोडून उतारावर जातात आणि कड्यापाशी किंवा कारवीच्या झुडपांत संपतात. चुकल्यासारखं वाटलं तर खाली उतरू नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. विमान मोडवरही जीपीएस चालतं, बॅटरीही वाचते.

आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोनपर्यंत निम्मी धार झाली नसेल तर परत फिरा. मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवा. अडकलात आणि रेंज मिळाली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा.